गोळ्या कुठल्या खिशात आहेत, ते सोबत्यांना सांगून ठेवा

वाचकांचे प्रश्न, दापोलीच्या ताईंची उत्तरं

दिवाळी आटोपली की आमच्या किनाऱ्यावर सायकलवाल्यांची रीघ लागते, आणि त्याआधी महिनाभर माझ्या टपालात त्यांची पत्रं. मी नोकरीभर सरकारी इस्पितळात परिचारिका होते, निवृत्त झाल्यावर सायकलवर बसले. त्यामुळे तब्येत, सायकल आणि मित्रमंडळींच्या कुरबुरी, तिन्ही माझ्याच दारात. या खेपेची पत्रं वाचताना एक जाणवलं. किती किलोमीटर झाले हे लोक घाम पुसायच्या आत मित्रांना कळवतात; गुडघा कुठे धरला, चक्कर कुठे आली, ते मात्र पोटात ठेवतात. माझं म्हणणं, आकडे राहू देत, दुखणं आधी सांगा.

आम्ही कॉलेजचे सहा मित्र, सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. आमचा ग्रुप आहे, पण सुप्रभात आणि वाढदिवसाचा केक यापलीकडे त्यावर काही नसतं. डिसेंबरात मांडव्याहून गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने जाऊ, असं मी सुचवलं. सगळ्यांनी अंगठे दिले, पुढे कुणी बोलेना. त्यांना कसं हलवावं? आणि रस्ता कसा आहे? — एक वाचक, ठाणे

अंगठ्यावर भरवसा ठेवू नका. अंगठा म्हणजे 'वाचलं' एवढंच. प्रत्येकाला वेगळा फोन करा, तोही संध्याकाळी, माणूस घरी निवांत असताना. वॉर्डात राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर 'काही त्रास?' विचारलं की पेशंट माना हलवतात. रात्री खाटेशेजारी उभं राहून विचारलं, की मग हळूच 'सिस्टर, लघवीला जळजळतंय' निघतं. तुमच्या मंडळींचंही तेच असणार. कुणाची पाठ धरली असेल, कुणाकडे सायकलच नसेल आणि ते सांगायची लाज वाटत असेल. 'येणार का?' असं विचारूच नका, त्याला 'हो' म्हणून मोकळं होता येतं. सीटवर सलग किती वेळ बसवतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, चढावर उतरून ढकलायची तयारी आहे का, असं विचारा. उत्तरं कागदावर लिहून काढा आणि रोजचा टप्पा सगळ्यात लवकर दमणाऱ्याच्या बेताने ठरवा. ज्याला गाडी घेऊन नुसतं मागून यायचंय त्यालाही आनंदाने घ्या. पंक्चर झाल्यावर त्याची किंमत कळते.

आता रस्ता. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट येते, तिच्यात सायकली चढतात. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. पुढे चौल, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद करत मुरुड आणखी पन्नासेक. सराव असलेला माणूस हे एका दिवसात करतो, तुम्ही रेवदंड्याला मुक्काम करा. रेवस ते रेड्डी सागरी मार्ग नकाशावर सलग दिसतो, पण मधे खाड्या आहेत. पूल व्हायचे तेव्हा होतील, तोवर तुमच्या वाटेवर चार जंगलजेट्या, म्हणजे गाड्या-सायकली खाडीपार नेणाऱ्या बोटी, लागतील : आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि शेवटी तवसाळ ते जयगड.

या फेऱ्यांचा एक मोठा उपयोग तुमच्यासारख्या गटाला होतो. सहा जणांनी एका वेगाने चालवायचा हट्ट धरला, की पुढचा कंटाळतो आणि मागचा धापा टाकतो. त्यापेक्षा ठरवून टाका, ज्याने त्याने आपल्या वेगाने यायचं आणि जेटीवर सगळे जमल्याशिवाय कुणी बोटीत चढायचं नाही. मागच्याला माहीत असतं की पुढचे पाण्यापलीकडे गेलेले नाहीत. बोटीत सायकल कठड्याला टेकवलीत, तर हँडलवरचा ब्रेक दाबून त्यावर जाड रबरबँड गुंडाळा. नाहीतर बोट वळली की सायकल चालायला लागते, आणि ती नेमकी कुणाच्या तरी नव्या गाडीच्या दारावर जाते.

जेटीवरून उतरलात की बहुतेक ठिकाणी चढ आहे. आमच्याकडचा रस्ता खाडीला उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो, दिवसभर हेच. सगळ्यात सोपा आणि देखणा तुकडा दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून, समुद्र उजव्या हाताला. सगळ्यात घाम काढणारा म्हणाल तर वेसवीनंतर केळशी-आंजर्ल्याकडचा. तिथे किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. धोपाव्याचा चढ ढकलत काढलात तरी वर पोचल्यावर कुणी विचारत नाही. सड्यावर मैलोन्‌मैल दुकान नसतं, म्हणून पाणी जेटीवरच भरा. नुसतं पाणीही ढोसू नका. घरून पुडी करून आणा : लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त झालं तर तहान वाढते. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. गावात कोकम सरबत मिळेलच, त्यात मीठ मागून घ्या.

हर्णैला दुपार कलल्यावर पोचाल असं बघा, मासळीचा लिलाव सापडेल. मालगुंडला केशवसुतांच्या घरी थांबा, गुडघ्यांनाही तेवढाच विसावा. गणपतीपुळ्याहून आरे-वारे करत रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटर, तिथून रेल्वे. सायकल पार्सल म्हणून मालडब्यात घालता येते, पण पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि गाडीच्या बऱ्याच आधी जा. जानेवारी १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी किनाऱ्याने खाली आलेला सायकलवाला परत जायचा कसा, हे मला अजून कोडं आहे.

वय ५४. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. रविवारी ग्रुपबरोबर गुहागरला सायकलने जातो. मागे एकदा शृंगारतळीच्या अलीकडे हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे काजवे. चहाची तल्लफ आली असं सांगून थांबलो, साखरेचा चहा प्यायल्यावर बरं वाटलं. मित्रांना आजार माहीत नाही. सांगितलं तर ते मला घरी बसवतील. — एक वाचक, चिपळूण

ती तल्लफ नव्हती, साखर उतरली होती. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार उतरवत नाही. ग्लिमेपिराइड उतरवते, इन्शुलिनही उतरवतं. त्यात तुम्ही सकाळी गोळी घेऊन, घाईत अर्धवट खाऊन, चढ-उताराचा रस्ता धरता. पाय चालू लागले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि गोळीचं काम तर चालूच असतं. म्हणून पहिली गोष्ट, डॉक्टरांकडे जा आणि रविवारचा कार्यक्रम तासांसकट सांगा : किती वाजता निघता, मधे काय खाता, किती वाजता परतता. त्या दिवशीची गोळी कमी करायची की पुढे-मागे, हे ते ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळी टाळू नका. ग्रुपमधला कुणी 'मी तर सायकलच्या दिवशी घेतच नाही' म्हणाला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

दुसरी गोष्ट, मित्र. साखर उतरली की घाम सुटतो, थरथर होते, भूक लागते. सायकलवर घाम सगळ्यांनाच येत असतो, म्हणून तुमचा घाम वेगळा आहे हे तुम्हालाच कळत नाही. पुढच्या पायरीला डोकं चालेनासं होतं. माणूस विनाकारण चिडतो, विचारलं एक की सांगतो भलतंच, सायकल रस्त्याच्या मधे न्यायला लागतो. त्या वेळी 'मी ठीक आहे' हे तुमचं वाक्य काहीही कामाचं नसतं. शेजारच्यालाच ते ओळखावं लागतं, आणि ठाऊकच नसेल तर तो म्हणणार, आज स्वारीचा मूड खराब दिसतोय.

तेव्हा आज रात्रीच ग्रुपवर लिहा. जमत नसेल तर माझा मजकूर उतरवून घ्या : 'मला मधुमेह आहे. गोळीमुळे कधी साखर उतरू शकते. मी एकाएकी गप्प झालो, चिडलो किंवा सायकल वेडीवाकडी जायला लागली तर मला थांबवा, माझं ऐकू नका. उजव्या खिशात ग्लुकोजची पुडी आहे. गिळता येत असेल तरच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.' एवढं वाचून कुणी तुम्हाला घरी बसवलं, तर तो ग्रुप बदला. चिपळुणात सायकलवाल्यांची वानवा नाही.

पुडीत काय? साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन चमचे. पाण्यात कालवून प्यायचं, १५ मिनिटं बसायचं आणि ग्लुकोमीटरवर बघायचं. ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. वर आल्यावर मग पोळी, केळं, जे असेल ते खा. चॉकलेट आणि क्रीमची बिस्किटं या कामाला नकोत. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, शिवाय आमच्या हवेत त्यांचा लगदा होतो. ग्लुकोजही दमट हवेत दगड बनतं, म्हणून लहान लहान पुड्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधा.

एक गोष्ट लोक विसरतात. लांबच्या फेरीनंतर साखर त्याच रात्री झोपेतही उतरू शकते. झोपण्यापूर्वी तपासा आणि बायकोलाही सांगून ठेवा. आणि घरी आल्यावर बूट काढून तळवे उजेडात पाहा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल, तर बुटात शिरलेल्या वाळूने सालटं निघालेलं कळत नाही. तशा पायांची ड्रेसिंगं मी इतकी केली आहेत, की या बाबतीत माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. आधी मी ग्रुपात सगळ्यांच्या पुढे असायचो. आता मित्र घाटातले फोटो टाकतात आणि मला कससंच होतं. काही न सांगता ग्रुप सोडला. त्यांनीही विचारलं नाही. — एक वाचक, रत्नागिरी

त्यांनी विचारलं नाही, कारण काय विचारावं हे त्यांना सुचलं नसणार. हृदयाचं दुखणं म्हटलं की धडधाकट माणसं घाबरतात. आपल्याशी फोनवर बोलताना याला दम लागला तर काय करायचं, इथपासून त्यांना भीती असते. तुम्हीच एकाला फोन लावा. सगळ्यांना नको, जो कमी बोलतो त्याला. 'फोटो टाकू नका' म्हणायची गरज नाही. त्यांच्या घाटाने तुमचं काही जात नाही. 'माझ्याबरोबर सपाटीवर, हळू, अर्धा तास येशील का?' एवढंच विचारा.

अर्थात त्याआधी हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी. ते स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील, करा. सायकल कधी आणि किती, हे त्यावर ठरेल. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील. त्या एक दिवसही आपण होऊन बंद करायच्या नाहीत, स्टेंट तुंबू शकतो. त्यांच्यामुळे पडल्यावर रक्त जास्त वाहतं, म्हणून हेल्मेट घालायचं, आणि डोक्याला मार लागला तर 'काही नाही झालं' म्हणून घरी जायचं नाही.

जागा तुमच्या शहरातच आहे. भाट्याचा पूल ओलांडा, सुरूच्या बनाच्या कडेने सकाळी लवकर जा, परत या. वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की वेग उतरवा. यासाठी सोबती हवाच, एकट्याने कुणाशी बोलणार? छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, अंगाला थंड घाम सुटला, तर उतरा, बसा, १०८ला फोन लावा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर बसूनच ठेवा. तिने रक्तदाब उतरतो, उभ्याने घेतलीत तर पडाल. ती गोळी कुठल्या खिशात आहे, ते सोबत्याला निघण्यापूर्वी दाखवून ठेवा.

ग्रुपात परत जायचं का? माझ्या मते जा, आणि पहिला फोटो भाट्याच्या पुलाचा टाका.

आम्ही दोघी मालवणला शाळेत असताना तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकलो. आता मी सत्तरीची, मैत्रीण बडोद्याला मुलाकडे. तिला ऐकू येईनासं झालंय. फोनवर 'हो हो' म्हणते, पण कळलेलं नसतं. तोंडावर ओरडून थकले. पत्र लिहायला बसते तर रोजच्या चालण्याबद्दल काय लिहावं कळत नाही. — एक वाचक, वेंगुर्ले

आधी तिच्या सुनेला सांगून कान तपासून घ्या. म्हातारपणाचा बहिरेपणा असेलच, पण त्यावर मळाचं बूच बसलेलं असतं असं कितीदा तरी निघतं. मळ काढला की निम्मं काम होतं. यंत्र दिलं तर ते एक-दोन दिवसांत फेकून देऊ नको, म्हणावं. कानाला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे जातात. आणि ओरडू नका. ओरडल्याने शब्द फाटतात. व्हिडिओ कॉल करा, खिडकीकडे तोंड करून बसा म्हणजे तुमचे ओठ तिला दिसतील, आणि सावकाश बोला.

पत्राचं म्हणाल तर 'रोज चालते, तब्येत बरी आहे' यापुढे तुमची गाडी जात नाही, कारण तुम्ही सगळं मिळून सांगायला बघता. एका पत्रात एकच सकाळ घ्या. बंदरावर आज कुठली मासळी लागली, बांगड्याचा भाव ऐकून कोण माघारी फिरलं, डच वखारीच्या पडक्या भिंतीपाशी दम लागला की नाही लागला, सागरेश्वरच्या वाळूत चप्पल हातात घेऊन किती चाललात. शेवटी तिला एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न टाका : 'त्या भाड्याच्या सायकलीची घंटा कुणी काढून नेली होती?' पूर्वी जोडकार्ड मिळायचं तसं, तुमचा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड आत ठेवा. अक्षर मोठं काढा, काळ्या शाईने. तिचे डोळेही तुमच्याच वयाचे आहेत.

गुडघे कसे आहेत, हेही लिहा. ती तिचे लिहील.

नवरा ६३ वर्षांचा. एकटाच मालवण ते विजयदुर्ग सायकलने जातो. मोबाइलवर ठिकाण दाखवणारं चालू करून देतो, पण तो ठिपका मधेच थांबतो आणि माझा जीव टांगणीला. — एक वाचक, कुडाळ

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं, पुढे पुन्हा चालू करावं लागतं. आणि खाडीच्या खोलगट भागात रेंज गेली की ठिपका आहे तिथेच राहतो. ठिपका थांबला म्हणजे माणूस थांबला असं नाही. त्यापेक्षा ठिकाणं बांधून घ्या : आचरा, कुणकेश्वर, देवगड. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर त्याने गावाचं नाव तेवढं पाठवायचं. ठरल्या वेळेनंतर तासभर गेला तर तुम्ही फोन करायचा, त्याआधी नाही. तुम्ही सारखा फोन केलात तर तो उतारावर उचलेल, ते जास्त धोक्याचं. खिशात कागदावर नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि तुमचा नंबर लिहून प्लास्टिकमध्ये घाला. फोनला कुलूप असतं, कागदाला नसतं.

चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. मित्र म्हणतात, सराव कमी पडतोय. — एक वाचक, पेण

मित्रांना सांगा, आधी सीट बघू. पुढून दुखतं म्हणजे बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर फार वर. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलंत की किंचित वाक राहतो, तेवढा हवा. दुसरं म्हणजे जड गिअरवर रेटू नका, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका टाका. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा गुडघा सुजला, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि नुसत्या सायकलवर विसंबू नका. सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते, हाडांना व्यायाम होत नाही. चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करणं चालू ठेवा.

गुहागरच्या वाळूवर ओहोटीला सायकल चालवायला मजा येते, पण साखळी आठवड्यात तांबडी होते. — एक वाचक, वेळणेश्वर

होणारच. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, पण जोराचा फवारा चाकांच्या मध्यावर मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. फडक्याने कोरडी करा, थोडा वेळ उन्हात ठेवा, मग साखळीच्या एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडा. खोबरेल नको, ते चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल फार पातळ, ते आमच्या खाऱ्या हवेत टिकत नाही. सायकलच्या दुकानात साखळीचं घट्ट तेल मिळतं, ते घ्या. तेल मुरलं की वरचं जादा पुसून काढा, नाहीतर वाळू चिकटून दाते झिजतात.